बिजागरीचा सांधा

रविवार, १२ जानेवारी

पतसंस्थेची डायरी दरवर्षी येते आणि कोरीच रद्दीत जाते. यंदा लिहायला घेतली, कारण आज जे झालं ते कुणाला सांगायचं तोंड नाही मला.

निर्मला घोलवडच्या एका वाडीत चिकू निवडायला, खोके भरायला जाते. आज रविवार असूनही ट्रक भरायचा होता. मी स्कूटर घेऊन आणायला गेलो तर बाईसाहेब बाहेर येईनात. उन्हात फाटकाशी उभा राहून माझं डोकं तापलं. आली ती हसत, हातात फुटक्या चिकूंची पिशवी. मी एक शब्द बोललो नाही, गाडी काढली. सुरूच्या झाडांपाशी ती मागून म्हणाली, "अहो, हळू. वाळू आहे रस्त्यावर." मी म्हटलं, "मला शिकवू नकोस." ती पुन्हा म्हणाली, "अहो, हळू." आणि मी, सातवीच्या पोरांना शिस्त शिकवणारा माणूस, मुद्दाम गाडीची मूठ पिळली.

वळणावर गाडी घसरली. मी बुडावर बसलो, तळव्याचं साल निघालं, एवढंच. ती उजव्या हातावर पडली. कोपराचं हाड मागच्या बाजूला बाहेर आलं होतं. चिकू सगळे रस्त्यावर.

डहाणूच्या हाडांच्या डॉक्टरांनी भूल देऊन हाड जागेवर बसवलं. मोडलं नाही, निखळलं होतं. प्लॅस्टरची पट्टी बांधली. कसं झालं म्हणून त्यांनी विचारलं तर निर्मला म्हणाली, "वाळूवरून घसरली गाडी." पुढे काही नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. डाव्या हाताने तिळगूळ वाटायची लाज वाटते म्हणून ती कुणाकडे गेली नाही. आमच्या सरावलीतल्या चार बायका घरी येऊन गेल्या. एकीने विचारलं, "गुरुजींना काही लागलं नाही ना?" निर्मला म्हणाली, "नाही, देवाची कृपा." मी आतल्या खोलीत होतो. मला ऐकू आलं.

जेवण जात नाही. ताटावर बसलो की ती डाव्या हातात चमचा धरून भात गोळा करताना दिसते. उठून जातो.

बुधवार, २२ जानेवारी

शाळेत जाऊन बसलो की थोडं विसरायला होतं. तलासरीपर्यंत एसटीनेच जातो. स्कूटरला हात लावलेला नाही.

सातवीला हाडं, स्नायू आणि सांधे शिकवले. हा धडा माझा हातखंडा. लाकडाच्या दोन पट्ट्या, मध्ये नटबोल्ट, आणि सायकलच्या ट्यूबच्या दोन फिती, एक पुढे, एक मागे. पुढची ओढली की हात वाकतो, मागची ओढली की सरळ. पोरांना सांगितलं, स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून जोडीने काम चालतं. एक आखडला की दुसऱ्याने सैल सोडायचं. हाड आपलं आपण हलत नाही, सांधा नुसता वाट देतो. आणि कोपराचा सांधा कसला? पोरं एका सुरात ओरडली, "बिजागरीचा!" मी वर्गाचं दार उघडून-मिटून दाखवलं. दरवर्षी दाखवतो.

एका पोरीने विचारलं, "सर, दोन्ही स्नायू एकदम ओढले तर?" मी म्हटलं, "तर हात जागच्या जागी अडकेल, वेडे. असं कोण करतं?" वर्ग हसला.

देवजीदादाचा फोन. निर्मलाचा मोठा भाऊ, तलासरीच्या पलीकडे डोंगरात भात-नाचणी करतो. त्याच्या मुलीचं लग्न वैशाखात धरलंय. "बहिणीचा हात तंवर बरा होल ना, गुरुजी?" मी छातीठोकपणे म्हटलं, होणार म्हणजे होणार. फोन ठेवल्यावर घाम फुटला.

सोमवार, ३ फेब्रुवारी

पट्टी काढली. हात बघवेना. बारीक झालाय, कातडी कोरडी, आणि कोपर काटकोनात अडकल्यासारखं. ना पुरतं वाकत, ना सरळ होत. तोंडाकडे नेते तर हात छातीशीच थांबतो.

डॉक्टर म्हणाले, तिचा हात तिनेच हलवायचा, जेवढा हलेल तेवढा. दुसऱ्या कुणी ओढायचा नाही. चोळायचं-बिळायचं मुळीच नाही. मसोलीला प्राजक्ता मॅडम म्हणून फिजिओथेरपीच्या आहेत, त्यांच्याकडे व्यायामाला जा. चोळण्याचं ते सगळ्यांनाच सांगत असणार. लोक कुठली कुठली पाल्याची लगदी लावून येतात, त्यांना धाक नको? आम्हाला काय तेवढं कळत नाही?

निर्मला घरी आल्यावर स्वतःची वेणी घालायला गेली. हात मानेच्या मागे गेला नाही. फणी खाली ठेवून म्हणाली, "चला, केस कापूनच टाकते आता, बरं होईल." हसलीही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आमच्या मोरीच्या दाराची बिजागरी खाऱ्या वाऱ्याने गंजून घट्ट झाली होती. आज तिच्यात तेल सोडलं, दार हलकं हलकं मागे-पुढे केलं, मग जोर लावला. करकरलं आणि सुटलं! आता बोटाने ढकललं तरी फिरतं. दारात उभा राहून मी त्याच्याकडे बघत राहिलो. अरे, हेच तर शिकवतो मी दरवर्षी!

शेजारची धाकली मावशी म्हणालीच होती, "मोहाचं तेल लावा, नस मोकली होते." तिच्याकडून बाटली आणली. चहा झाल्यावर निर्मलाला पाटावर बसवलं, दंड माझ्या गुडघ्यावर घेतला आणि चोळायला सुरुवात केली. आधी हलक्या हाताने. मग मनगट धरून थोडं वाकवलं, थोडं ओढलं. ती म्हणाली, "डॉक्टर नको म्हणालेत ना?" मी म्हटलं, "डॉक्टरांना रोज शंभर पेशंट. मला एकच आहे." ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं, चोळा."

रविवार, ९ फेब्रुवारी

काल मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. झोपही लागली, चक्क सकाळपर्यंत. हाताला काम असलं की मनाला बरं, हे खरंच. तेल कोमट करतो, तळव्यावर घेतो, चोळतो. वाटतं, जे मी एका मुठीने बिघडवलं ते या दोन हातांनी थोडं थोडं भरून काढतोय. निर्मला म्हणाली, "आज तोंडावर तेज आलंय तुमच्या." माझ्या तोंडावर! हात तिचा, आणि बघते माझं तोंड.

हात हनुवटीच्या जवळपास येतो आता. दुखतं तिला, पण दुखतंय म्हणजे सुटतंय.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मसोलीला प्राजक्ता मॅडमकडे गेलो. वयाने आमच्या भाचीएवढी, पण बोलणं चटपटीत. एक लवचीक पट्टा देतात, भिंतीवरून बोटं चालवायला लावतात, टॉवेल पिळायला लावतात. हे काय, बालवाडीतले खेळ! मनात म्हटलं, या पोरीच्या हातात जोरच नाही, कोपर सुटणार कसं?

त्या तिला काही विचारत होत्या, तेवढ्यात निर्मला मला म्हणाली, "अहो, गाडी उन्हात आहे, सावलीत लावून या ना." मी स्कूटर पुन्हा वापरायला लागलोय, एकटाच. ती रिक्षाने येते. भीती वाटते म्हणत नाही, "तुम्हाला उगाच वळसा," म्हणते. सावलीत गाडी लावून आलो तोवर बोलणं संपलं होतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आता सकाळ-संध्याकाळ चोळतो. परवा जरा जास्त जोर लागला तर तिने पदर तोंडात धरला. मी थांबलो. म्हणाली, "थांबू नका, मी कुठे काय म्हटलं?" कसली धीराची बाई! कपाळाला घाम आला तरी हूं की चूं नाही. नंतर न्हाणीत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसते. तेलकटपणा जायला वेळ लागतो बहुतेक.

कोपर गरम लागतं. म्हणजे रक्त फिरतंय. आणि दंडाच्या खालच्या टोकाला, पुढच्या बाजूला, हाताला एक कडक गोळा लागायला लागलाय. स्नायू भरतोय! तिला दाखवलं. ती म्हणाली, "हो का?"

शनिवार, ८ मार्च

काही कळत नाही. हनुवटीशी आलेला हात पुन्हा गळ्याशी अडला. मॅडमचे ते टॉवेल-बिवेल खेळ निकामी आहेत, दुसरं काय. आज मी पाऊण तास चोळलं. हात दोन्ही बाजूंनी ओढून बघितला, सरळ करताना आणि वाकवताना. तिचा हात माझ्या ओढण्याला उलटा आखडतो, जणू माझ्याशी भांडतो. मी म्हटलं, "सैल सोड की गं." ती म्हणाली, "सोडते हो, तोच सुटत नाही."

देवजीदादा पत्रिका द्यायला येऊन गेला. लग्नात आत्याचा मान निर्मलाचा. भाचीच्या अंगाला हळद पहिल्यांदा तिने लावायची. देवजीदादाने तिच्या हाताकडे बघितलं आणि पत्रिकेकडे बघत बसला.

मंगळवार, १८ मार्च

आज सगळं समजलं.

प्राजक्ता मॅडमनी नवा एक्स-रे काढून आणायला सांगितला होता. तो त्यांनी उजेडावर धरून दोनदा बघितला. मग निर्मलाला म्हणाल्या, "ताई, मी तुम्हाला दर वेळी विचारलंय. घरी कुणी चोळतं का? ओढतं का?" निर्मला म्हणाली, "नाही हो."

आणि मी! मला वाटलं, माझी मेहनत ही लपवते कशाला? मी छाती काढून म्हटलं, "नाही कसं? रोज चोळतो मी. मोहाच्या तेलाने, सकाळ-संध्याकाळ. एक दिवस खंड नाही."

निर्मलाने डोळे मिटले.

मॅडमनी मला जवळ बोलावलं. दंडाचं हाड, खाली कोपर, आणि त्यांच्यापुढे, जिथे नुसतं मांस असायला हवं तिथे, ढगासारखा एक पांढुरका डाग. "हे हाड आहे, सर. स्नायूच्या आत तयार होतंय." मी म्हटलं, "स्नायूत हाड?" त्या म्हणाल्या, "मार लागलेलं कोपर जोराने ओढलं, चोळलं, की स्नायू आतल्या आत फाटतो. रक्त साचतं. शरीराला वाटतं, इथं हाड मोडलंय. मग ते बिचारं तिथं हाड भरायला लागतं. जेवढं तुम्ही ओढाल, तेवढं ते भरणार."

मी म्हटलं, "पण बिजागरीचा सांधा..."

"बिजागरीसारखा हलतो, सर. पण बिजागरीला मांस नसतं. आणि तिला दुखत नाही."

आता काय, तर आता काही नाही. गोळ्या आहेत. हात लावायचा नाही. ते नवं हाड थंड होऊ द्यायचं, वाढायचं थांबेपर्यंत. तिचा तिला जेवढा हलेल तेवढाच हलवायचा. वर्षभराने डॉक्टर बघतील, ऑपरेशन करता येईल कदाचित. पूर्वीसारखा होईल का, विचारलं. मॅडम म्हणाल्या, "पूर्वीसारखा म्हणू नका."

बाहेर येऊन मी स्कूटरपाशी उभा राहिलो. किल्ली लागेना. निर्मलाने डाव्या हाताने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि रिक्षा थांबवली. दोघं रिक्षाने आलो. गाडी तिथेच.

बुधवार, १९ मार्च

रजा टाकली. सकाळी चहाच्या वेळी सवयीने तेलाची बाटली उचलली मी. उचलली आणि तशीच हातात राहिली.

विचारलं तिला. "तू त्यांना खोटं का बोललीस? मला का नाही सांगितलंस, नको म्हणून?"

ती कपावर हात शेकत बसली होती. म्हणाली, "सांगितलं होतं की पहिल्याच दिवशी."

"एकदाच! मग गप्प का बसलीस?"

मग तिने सांगितलं, अगदी साध्या आवाजात, भाजीला काय आणू विचारावं तसं. "तुम्ही जेवत नव्हता. माझ्याकडे बघत नव्हता. अंथरुणावर नुसते पडून असायचात, मला कळायचं. ज्या दिवशी चोळायला लागलात त्या दिवसापासून झोपायला लागलात. म्हटलं, माझा हात जरा दुखला तर दुखला. माणूस तर हाताशी राहील."

मी म्हटलं, "एवढं दुखत होतं?"

"अहो, दुखणार नाही तर काय?" असं म्हणाली आणि एकदम रडायला लागली. अपघाताच्या दिवशी रडली नव्हती. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला आणि तो हात बघून मीच मागे घेतला.

मी वाळूत तिला पाडलं ते एकदा. या पाटावर बसवून रोज पाडत होतो. आणि त्यावर भाकऱ्या खात होतो, तेज चढवत होतो तोंडावर. थू!

तेलाची बाटली धाकली मावशीला परत दिली. म्हणाली, "एवड्यात संपला काम?" हो म्हटलं.

बुधवार, २ एप्रिल

घरात नियम झालाय. निर्मला व्यायामाला बसली की मी समोर खुर्चीवर, हात मांड्यांखाली. तिनेच सुचवलं. ती हात उचलते, बोटं भिंतीवर चढवते, श्वास सोडते, खाली आणते. तिचा हात अडला की माझे खांदे आपोआप पुढे जातात. ती न बघता म्हणते, "मागे बसा."

परीक्षेआधी उजळणी होती. मागे प्रश्न विचारणाऱ्या त्या पोरीने पट्ट्यांचा हात घेतला आणि दोन्ही रबरं एकदम ताणली. "बघा सर, खरंच अडकतो." मी बघितलं. बाकीचा तास पोरांना स्वाध्याय सोडवायला दिला.

दार उघडून बिजागरी दाखवली नाही या वेळी.

रविवार, २० एप्रिल

ती आज वेणी घालायला बसली. हात मानेमागे जातच नाही, तर तिने सगळे केस पुढे घेतले, मान वाकडी केली, खांदा उचलला, मनगट वळवलं आणि छातीशी वेणी घातली. मग झटक्याने मागे टाकली. कोपर जे करत नाही ते खांदा करतो, मनगट करतं, मान करते. सगळे मिळून त्या एकाला सांभाळून घेतात. मला म्हणाली, "टकाटका काय बघताय?" मी म्हटलं, काही नाही.

गॅसवर दूध उतू गेलं तेवढ्यात.

सोमवार, १२ मे

काल देवजीदादाकडे लग्न झालं.

हळदीला मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो. मला धडकी भरली होती की आता सगळ्यांसमोर हिचा हात अडणार. निर्मलाने वाटीत बोटं बुडवली, हात पुढे केला, आणि भाचीच्या गालापर्यंत तो पोचेना. देवजीदादा जमिनीकडे बघायला लागला. पण पोरगी पाटावरून थोडी पुढे सरकली आणि तिने स्वतःच आपला गाल आत्याच्या बोटांना लावला. बायका हसल्या, गाणं पुढे सुरू झालं. मी मांडवाबाहेर जाऊन नाक शिंकरून आलो.

मग पंगत बसली. बायकांची ओळ समोर, माझ्या अगदी पुढ्यात निर्मला. घरी ती चमच्याने जेवते. इथे पत्रावळ, चमचा कुणाकडे मागणार? आणि डाव्या हाताने पंगतीत जेवणार नाही ती, मरेल पण जेवणार नाही. तिने भात-वरण कालवलं, घास केला, हात उचलला. हनुवटीच्या खाली चार बोटं येऊन तो थांबला. तसाच. घास बोटांत.

माझा हात आपोआप उठला. ती एवढ्या गर्दीतून माझ्याकडे बघत होती. मी हात खाली घेतला आणि मांडीखाली घातला, जेवणाच्या पंगतीत, उष्टा हात. शेजारचा माणूस बघायला लागला.

मग तिने मान खाली केली. कमरेतून थोडी वाकली, खांदा पुढे घेतला आणि घास खाल्ला.

तिच्या शेजारच्या म्हातारीने विचारलं, "काय झालं गो बाय हाताला?"

निर्मला म्हणाली, "पडले."

म्हातारी म्हणाली, "आमची पन सून पडली, तिचा हात बरा झाला. तुझा नाय झाला?"

"नाही झाला," निर्मला म्हणाली आणि दुसरा घास कालवायला लागली.

माझ्या ओठांवर आलं होतं. मी पाडलं हिला, आजी. पडल्यावर बरा होत होता तो हात मी ओढून ओढून घालवला. एवढ्या मांडवासमोर उभं राहून सांगावं, देवजीदादासमोर सांगावं, त्याने माझी गचांडी धरावी, असं फार वाटलं. सांगितलं असतं तर छातीवरचं ओझं उतरलं असतं. रात्री झोप लागली असती.

ते लक्षात आलं आणि मी गप्प बसलो. सांगायचं का नाही ते तिचं ती ठरवील.

वाढपी आला. मी थोडा भात घेतला. समोर ती पुन्हा वाकली, घास घेतला, सरळ झाली. भात संपेपर्यंत मी मान वर ठेवून बघत जेवलो, उठून गेलो नाही.